‘बस’ म्हणजे थांब नव्हे

आमच्या घरात एक शब्द आहे, तो माझ्या माहेरचाही नाही आणि सासरचाही नाही. माझी नात सई भूक लागली की स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणते, “आजी, मला काहीतरी होणा.” होणा म्हणजे हवं. परवा शाळेत बाईंसमोर तिच्या तोंडून तो निसटला, अख्खा वर्ग हसला, आणि घरी येऊन तिनं माझी उलटतपासणी घेतली.

“हा शब्द कुठला?”

“तुझ्या आईकडून आलाय तो.”

“तिला कुणी दिला? तू?”

“मी? मी तर तो घालवायला निघाले होते!”

मग म्हटलं, नीट सांगायचं तर मला कुंभकोणमला जावं लागेल, आणि जाता जाता पेशीतही शिरावं लागेल. सई म्हणाली, “शिर. पेशी आम्हाला यंदा आहेच.”

तर जानकीअक्का.

आमचे हे रेशमाला लागणारे रंग विकणाऱ्या एका कंपनीत होते. तिरुभुवनम्‌च्या विणकरांना रंग पुरवायचे म्हणून कंपनीनं त्यांना शेजारच्या कुंभकोणमला धाडलं, ‘दोनच वर्षं’ असं सांगून. ते साल त्र्याऐंशी. आम्ही राहिलो चौदा वर्षं. मी तेव्हा नवी नवरी होते, आणि माझ्याइतकं शुद्ध मराठी पृथ्वीतलावर कुणी बोलत नाही अशी माझी खात्री होती. खरं म्हणजे मी सांगलीजवळच्या एका खेड्यातली. माझी आजी ‘काय करूलालीस गं’ असंच बोलायची. पण पुण्याच्या वसतिगृहात दोन वर्षं काढून मी ते सगळं अंगावरून घासून काढलं होतं, आणि कुणी गाव विचारलं की बेधडक ‘पुणं’ म्हणून सांगत असे. पुण्याला याची काही कल्पना नव्हती.

कुंभकोणमला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारापुढच्या ओट्यावर रडवेल्या तोंडानं उभी होते. भाजीवालीशी खुणांनी बोलून मी वांगी मागितली होती आणि टोपलीभर विड्याची पानं पदरात पडली होती. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून एक म्हातारा आवाज आला, “जानके, शेजारीं कोण आलें पाहिलेंस का ग? पोर पानें घेऊन रडूलाली आहे.”

मराठी! मी धावलेच. “अय्या, तुम्ही मराठी आहात?”

म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “आम्ही मराठीच. तुम्ही कोण?”

ती अव्वा. जानकीअक्कांची आई. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात यांचे पूर्वज तिकडे गेले ते तिकडचेच झाले. तीनशे वर्षांत महाराष्ट्राशी येणंजाणं नाही, पण घरात मराठी. घरात अव्वा आणि मुलगी जानकी अशा दोघीच. मुलगा मद्रासला. जानकीअक्का गावातल्या मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. चाळिशीच्या, उंच, काळीसावळी, पदराला एका जागी सेफ्टी पिन आणि त्या पिनेला कायम खडूची पांढरी बोटं लागलेली. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी त्यांना ओळख झाल्यावर आठवड्याभरात विचारलं. आम्ही पुण्याच्या ना!

उत्तरादाखल मला चिक्की मिळाली.

ही चिक्की समजल्याशिवाय जानकीअक्का समजणार नाहीत. त्यांच्या पर्समध्ये शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक पत्र्याचा डबा असायचा. कुणीही प्रश्न विचारला आणि त्यांना उत्तर येत असलं तर त्या उत्तर द्यायच्या. येत नसलं तर डबा उघडून विचारणाऱ्याला एक वडी द्यायच्या, आणि “ठाऊक नाहीं” असं इतक्या आनंदानं म्हणायच्या, की जणू त्यांनाच काहीतरी मिळालंय. कॉलेजातल्या मुली त्यामुळे वर्गात येताना अवघड प्रश्न शोधून आणत. माझी पहिली चिक्की मात्र लग्नाच्या प्रश्नाची नव्हे. ती त्याच्या आधीची, पहिल्या जेवणाची.

अव्वांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं. केळीची पानं मांडलेली. अव्वांचं वय ऐंशीला टेकलेलं, तरी वाढणार त्याच. सार घेऊन त्या माझ्यापुढे आल्या. पोटात जागा नव्हती. मी पानावर दोन्ही हात आडवे धरून म्हटलं, “बस, बस, बस!”

अव्वा थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. साराचं भांडं खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकला, आणि हळूहळू, कण्हत, माझ्या पानासमोर फतकल मारून बसल्या.

“बसलें,” त्या म्हणाल्या. “आतां?”

त्यांच्या मराठीत ‘बस’चा एकच अर्थ होता. खाली बस. पुरे झालं तर म्हणायचं ‘पुरे’.

“आणि एक,” अव्वा जमिनीवरून म्हणाल्या, “मोठ्यांस ‘बसा’ म्हणावें ग. पुण्यांत शिकवीत नाहींत का?”

त्या दिवसापासून अव्वा मला ‘पुणें’ म्हणून हाक मारू लागल्या. “ए पुणें, कोथिंबीर आहे का ग?” आमचे हे लाजेनं भातात तोंड घालून बसले होते. जानकीअक्कांना मात्र ना हसू आलं ना संकोच वाटला. हातातला घास तसाच ठेवून त्या माझ्याकडे, सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली काहीतरी हललं की बघावं, तशा बघत होत्या.

“तूं ‘पुरे’ ह्या अर्थीं म्हटलेंस ना? हा अर्थ तुमच्याकडे कोठून आला? आणि आमच्याकडे कसा आला नाहीं?”

“मला काय माहीत,” मी पडेल आवाजात म्हटलं.

“मला पण ठाऊक नाहीं!” अक्का उठल्या, उष्ट्या हातानंच पर्स गाठली आणि मला चिक्कीची वडी दिली. पोट भरलेलं असताना.

मी ठरवलं, या मायलेकींचं मराठी सुधारायचं. दुपारी जाऊन मी अव्वांना शिकवत असे. होणा नाही अव्वा, ‘हवं’ म्हणायचं. मला पाणी हवं. अव्वा विचार करून म्हणाल्या, “पाण्यास हवा कशास?” मी म्हटलं, हवा नव्हे, हवं. “तेंच. वारा. आम्हांस वारा नक्को, पाणी होणा.” असे माझे वर्ग चालत. शेवटी सुधारलं कुणाचं म्हणाल तर माझं तमिळ.

जानकीअक्कांची दुसरी गंमत म्हणजे त्यांचा उंबरठा. घरात मराठी, बाहेर तमिळ, ही त्या घराची रीत. पण अक्का ती इतकी काटेकोर पाळत की वाक्याच्या मधोमध भाषा बदले. “अव्वा, मी कॉलेजांत जाऊन...” असं आत सुरू झालेलं वाक्य, पाय उंबऱ्याबाहेर पडला की तमिळमध्ये संपायचं. परत येताना उलट. एकदा दूधवाल्याशी भांडण झालं तेव्हा त्या नेमक्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. तोंड रस्त्याकडे केलं की तमिळमध्ये दूधवाल्याची हजेरी, मान मागे वळवली की तेच सगळं अव्वांसाठी मराठीत. दूधवाला बिचारा अक्कांची मान वळली की दम खाऊन घ्यायचा.

एकदा त्या मला त्यांच्या वर्गात घेऊन गेल्या. “घरीं बसून पुणें पुणें करितेस, त्यापेक्षां चल.” मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. सेल म्हटलं की मला बॅटरीतला सेल ठाऊक. मागच्या बाकावर पाहुणीच्या ऐटीत बसले. अक्कांनी फळ्यावर इडलीच्या ताटाएवढी अंडपेशी काढली, आणि तिच्या कडेला स्वल्पविरामासारखा शुक्राणू. मग खडूनं अंडपेशीत ठिपके, ठिपके, ठिपके. हात दुखेपर्यंत ठिपके काढले.

हे मायटोकाँड्रिया, त्या म्हणाल्या. मराठीत तंतुकणिका. पेशीतल्या चुली समजा. आपण खातो ते इथं जळतं आणि अंगात शक्ती येते. बाकी सगळं आईबापांकडून निम्मं निम्मं मिळतं, पण या चुली मात्र झाडून सगळ्या आईच्या. तुमच्या अम्माच्या, तिच्या अम्माच्या, तिच्या अम्माच्या. आईच्या पेशीत त्या लाखभर असतात. बापाकडच्या मूठभर, त्याही शेपटीच्या मुळाशी, पोहण्यापुरत्या. आणि ती शेपटी बाहेरच राहते. देवळात जाताना आपण चपला बाहेर काढतो तशी.

मुली हसल्या. सेल्वी नावाची एक किडकिडीत मुलगी उभी राहिली. “मिस, मग अप्पांकडून काय येतं?”

“इनिशियल,” अक्का म्हणाल्या.

वर्गात हशा पिकला. तिकडे आडनावं नसतात. नावाआधी बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लावतात, त्याचं नाव इनिशियल. पण सेल्वी खाली बसली नाही. “पण का मिस? सगळं दोघांचं असतं, मग हेच एकट्या अम्माचं का?”

अक्कांनी खडू ठेवला. घरी आवडता पाहुणा यावा तसा त्यांचा चेहरा झाला. पर्स उघडली, डबा काढला, आणि सेल्वीला एक सोडून दोन वड्या दिल्या.

त्या ‘का’नं पुढं अक्कांना वेड लावलं. भेटेल त्याला त्या विचारू लागल्या. मिळालेली उत्तरं फार मजेशीर. देवळातले भटजी म्हणाले, शक्ती म्हणजे देवी, ती आईकडूनच यायची, यात विचारायचं काय? भाजीवाली म्हणाली, आई घरी असते, बाप गावभर हिंडतो, त्याच्याजवळची चूल धड कशी राहील? यावर अक्का खूश झाल्या. खरंच तसंही असेल म्हणे. बापाच्या चुली पोहून पोहून जळून काजळलेल्या असतात, आईच्या पेशीतल्या शांत बसून राखलेल्या असतात, म्हणून निसर्ग राखलेल्या तेवढ्या पुढं देतो. असं काही शास्त्रज्ञांनाही वाटतं.

आमच्या ह्यांनी रंगाऱ्याचं उत्तर दिलं. “अक्का, एका साडीचं रेशीम दोन घाण्यांत रंगवलं तर पट्टे उमटतात. रंग तोच, तरी उमटतात. म्हणून एका साडीला एकच घाणा.”

“अरे वा!” अक्का म्हणाल्या. “दोन कुळींच्या चुली एका पेशींत आल्या तर आपसांत भांडतील, म्हणून एकच कुळी ठेवायची. असेंही म्हणतात.”

“बघा! मग चिक्की?”

“उत्तरास चिक्की नाहीं. प्रश्नास आहे.”

हे दोन दिवस फुगून बसले होते.

पण मला खरं सांगायचंय ते त्या वर्गाच्या दिवशीच्या संध्याकाळचं. आज काय शिकवलं ते अक्कांनी अव्वांना रोज सांगायचं, असा त्या घरचा नेम होता. अव्वा शाळेत गेल्या नव्हत्या, पण बेडकाचं हृदय त्यांना पाठ होतं. त्या दिवशी ओट्यावर आम्ही तिघी बसलो होतो. तिकडे घरापुढच्या त्या ओट्याला तिण्णै म्हणतात. अव्वा विड्याच्या पानांच्या शिरा काढत होत्या. अक्कांनी चुलींची सगळी गोष्ट सांगितली.

अव्वांचे हात थांबले. “म्हणजे माझ्या मुलाच्या पोरींत माझी चूल नाहीं?”

“नाहीं अव्वा. त्यांच्यांत वहिनीची. तूं त्यांच्यांत आहेस, पण ह्या वाटेनें नाहींस.”

“तरीच!” अव्वा म्हणाल्या. “तरीच ती पोरटीं मद्रासेहून येतात आणि माझ्याशीं इंग्रजी बोलतात.” स्वतःच हसल्या, बोळकं तोंड भरून. मग एक पान उचललं, परत ठेवलं. “मग माझी चूल कोणांत?”

“माझ्यांत.”

“तुझ्या पुढें?”

गल्लीतून सायकलची घंटी गेली. जानकीअक्कांनी पर्स जवळ ओढली, डबा उघडला आणि आईच्या हातावर चिक्कीची वडी ठेवली. अव्वांना एकही दात नव्हता. त्यांनी वडी तोंडात टाकली आणि बराच वेळ नुसती चघळत राहिल्या.

मग म्हणाल्या, “चूल जाऊं दे. ती कोणास दिसते? बोलणें तरी कोणीं बोलावें ह्या घरांत. मी गेल्यावर तूं मराठी कोणाशीं बोलशील ग?”

त्याचं उत्तर म्हणून दुसरी वडी पुढं आली नाही. अक्का उठून दिवा लावायला आत गेल्या.

वर्षभरात आमची केतकी, म्हणजे सईची आई, झाली. मला दिवसभर घरकाम आणि ह्यांना तिरुभुवनम्‌चा फेरा, त्यामुळे पोर वाढली शेजारच्या ओट्यावरच. बोलायला लागली ती थेट बखरीतून उठून आल्यासारखी. “आई, तूं कोठें गेली होतीस?” मी कपाळाला हात लावला. घरात नियम केला. ‘होणा’ म्हणायचं नाही, ‘नक्को’ म्हणायचं नाही. केतकी शहाणी, माझ्यापुढे ‘हवं’ म्हणायची आणि भिंतीपलीकडे ‘होणा’.

याबद्दल मी एकदा अक्कांपाशी कुरकुर केली. माझी लेक अशुद्ध बोलते म्हणाले. अक्कांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना कुतूहल वाटलं.

“अशुद्ध म्हणजे काय ग? तुला एक गंमत सांगतें. त्या चुली आहेत ना, त्या मूळच्या पेशीच्या नव्हेत. फार फार पूर्वीं त्या स्वतंत्र जिवाणू होत्या. दुसऱ्याच्या घरांत आल्या, राहिल्या, त्याचें काम करूं लागल्या. आपलें बहुतेक सारें दप्तर, म्हणजे जनुकें, घरमालकाच्या हवालीं केलें. थोडेंसें मात्र आपल्यापाशीं ठेवलें, आपल्या जुन्या बोलींत लिहिलेलें.”

“म्हणजे तुमच्यासारखं.”

“आमच्यासारखेंच. बाहेर तमिळ, आंत मराठी. आतां पुढें ऐक. पेशीच्या मुख्य दप्तरांत तीन अक्षरांचा एक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘थांब’. प्रथिनाची माळ ओवतां ओवतां तो शब्द आला कीं ओवणें बंद. पण तोच शब्द ह्या चुलींच्या बोलींत आला, तर अर्थ निराळा. थांबायचें नाहीं. आणखी एक मणी आणून बसवायचा आणि पुढें चालायचें.” आणि माझ्याकडे बघून मिस्कीलपणे म्हणाल्या, “तुझा ‘बस’ आणि आमचा ‘बस’.”

मी म्हटलं, “मग यांतला शुद्ध कुठला?”

त्यांनी डब्याला हात घातला.

अव्वा गेल्या तेव्हा केतकी पाच-सहा वर्षांची होती. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास दिला नाही. मद्रासची मंडळी आली, दिवसवार झाले, गेली. अक्का कॉलेजात जाऊ लागल्या. एका संध्याकाळी मी केतकीला घेऊन त्यांच्या घरात बसले होते, किल्ली माझ्यापाशीच असायची. अक्का आल्या. छत्री मिटताना कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी तमिळमध्ये काहीतरी बोलत होत्या. उंबरा ओलांडला. आत आल्या, छत्री कोपऱ्यात ठेवली, आणि तमिळमध्येच बोलत राहिल्या. पाऊस येणार, कपडे आत घ्यायला हवेत, असंच काहीतरी, भिंतीशी. त्या उंबऱ्यावर त्यांची भाषा बदलली नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

केतकी उठून त्यांच्या पुढ्यात गेली, हात पसरला. “अक्का, मला चिक्की होणा.”

माझ्या ओठांवर सवयीनं ‘हवी म्हण’ आलं होतं. ते मी गिळलं. शुद्ध मराठी गिळायची माझी ती पहिलीच वेळ. घशाला काही झालं नाही.

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. “चिक्की उगीच नाहीं मिळत ग. प्रश्न विचारला पाहिजे.”

“काय म्हणून नाहीं मिळत?”

“घ्या!” अक्का म्हणाल्या. “हा प्रश्नच झाला.” आणि डबा उघडला. त्या दिवसापासून रोज काय शिकवलं ते केतकीला सांगण्याचा नेम सुरू झाला. तिलाही बेडकाचं हृदय पाठ झालं. मी ‘होणा’वरची बंदी उठवली. ती कधी पाळलीच गेली नव्हती हे मला नंतर कळलं.

पुढं काही वर्षांनी अक्का एका परिषदेला जाऊन आल्या, त्या फार अस्वस्थ होऊन. दुसऱ्या दिवशी आम्ही चक्रपाणीच्या देवळात गेलो. रांगेत पुढं एक भरल्या अंगाची बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. अक्कांनी तिला पाठीवरून ओळखलं आणि भर देवळात तमिळमध्ये ओरडल्या, “सेल्वी! चप्पल आत जाते!”

देवळाचा पहारेकरी काठी घेऊन धावत आला. कुठाय चप्पल? कुणी आणली? रांगेतल्या प्रत्येकानं आपापल्या पायांकडे पाहिलं. सेल्वीनं मात्र जीभ चावली आणि हसली. ती त्या वर्गातली चप्पल विसरली नव्हती.

“शेपटी बाहेर राहत नाही ग,” अक्का तिचा हात धरून सांगू लागल्या. “आपण चुकीचं शिकत होतो. बहुतेक प्राण्यांत ती आत जाते. बापाच्या चुलीही आत जातात. आतली अंडपेशी त्यांना नेमकी हुडकून काढते आणि मोडून टाकते. मी तुम्हा सगळ्यांना चुकीचं सांगितलं. तुझ्या वर्गातली आणखी कोण कोण गावात आहे?”

“आत घेऊन मग मोडते?” सेल्वी म्हणाली. “मग आत घेतेच कशाला मिस?”

पहारेकरी अजून आमचे पाय बघत होता. जानकीअक्कांनी पर्स उघडली. ती वडी सेल्वीच्या मुलानं खाल्ली.

त्या उन्हाळ्यात अक्का गावभर जुन्या विद्यार्थिनी शोधत हिंडल्या. पापनाशम्‌पर्यंत बसनं गेल्या. कुणाच्या डोहाळजेवणात, कुणाच्या साडीच्या दुकानात शिरून त्या चप्पल आत नेऊन ठेवत होत्या. मुली त्यांना मागून ‘मायटोकाँड्रिया मामी’ म्हणत. अक्कांना ते ठाऊक होतं. “एवढा अवघड शब्द माझ्यामुळें गावाच्या तोंडीं बसला,” असं म्हणायच्या.

सत्त्याण्णव साली ह्यांची बदली झाली. केतकी बारा वर्षांची. निघायच्या दिवशी जानकीअक्का स्टेशनवर आल्या. केस पांढरे, पदराची पिन जागच्या जागी. मला दहीभाताचा डबा दिला. केतकीला चिक्कीचा तो पत्र्याचा डबाच दिला, भरून.

“अक्का, मग तुम्हांला?” केतकीनं विचारलं.

“मला नवा मिळेल. तूं विचारीत राहा. आणि ज्यास उत्तर येत नाहीं त्यास रागवायचें नाहीं, चिक्की द्यायची.”

स्टेशन म्हणजे बाहेर. बाहेर तमिळ, हा त्यांचा नेम. पण खिडकीच्या गजांना धरून त्या मराठीत बोलत होत्या, मोठमोठ्यानं, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा. गाडीनं झटका दिला. छोट्या रुळांची ती गाडी हळूहळू सरकायला लागली तरी अक्का गज सोडेनात. चालू लागल्या, मग भराभर चालू लागल्या, बोलणं चालूच. साठीला आलेली बाई, पायात साडी अडकत होती. मी गजांतून हात बाहेर काढून ओरडले, “बस, बस! अक्का, बस!”

जानकीअक्कांनी गज सोडला. जागच्या जागी उभ्या राहिल्या. माझ्याकडे असं पाहिलं की मला साराचं भांडं आठवलं. मग त्या वळल्या, मागच्या दगडी बाकाकडे गेल्या, गुडघ्यावर हात टेकला, आणि हुबेहूब अव्वांसारख्या, हळूहळू, कण्हत, बाकावर बसल्या.

“मोठ्यांस ‘बसा’ म्हणावें ग, पुणें!” त्यांचा आवाज चाकांच्या वरून आला.

मला हसू फुटलं की रडू, ते आता आठवत नाही. तोवर केतकीनं मला बाजूला सारलं, दोन गजांमध्ये तोंड खुपसलं आणि जीव खाऊन ओरडली, “बसा, अक्का! बसा!”

फलाट दिसेनासा होईपर्यंत त्या बसलेल्याच होत्या.